बाहत्तर तासांचा गारवा

जन्मल्यावर बाळ रडलं नाही, निळं पडलं, पिशवी-मास्क लावून श्वास द्यावा लागला आणि काही तासांत ते मलूल होऊन झटके देऊ लागलं, तर घरच्यांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, ते थंड करायचं मशीन कुठे मिळेल?" भिवंडीत धामणकर नाक्याजवळ माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. विचारणारे बाप बहुतेक यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारे. कुणी तेलंगणातून आलेले पद्मशाली, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचे, कुणी शहापूर-वाड्याकडचे. फोनवर त्यांनी वाचलेलं असतं, की परदेशात अशा बाळांना तीन दिवस थंड ठेवतात आणि त्यांचा मेंदू वाचतो. वाचलेलं खोटं नसतं. तरीही मी सांगते, की ते मशीन मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. बापाला वाटतं, बाई आपली समजूत घालतेय. गरिबाला नाही म्हणायची ही एक सभ्य तऱ्हा, असंही वाटत असेल. पण या उत्तरामागे ४०८ बाळांचा एक अभ्यास आहे, आणि त्यातली काही बाळं मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जन्मलेली किंवा तिथे आणलेली होती.

आधी हे थंड करणं म्हणजे काय ते पाहू. बाळंतपणात नाळ दाबली गेली, वार सुटली, प्रसूती अडली, तर बाळाच्या मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडतं. तेवढ्यात काही पेशी मरतात. पण नुकसान तिथे संपत नाही. श्वास सुरू होतो, रक्त पुन्हा वाहू लागतं, काही तास बरे जातात आणि मग दुसरी लाट येते. आमच्या भागात ही गोष्ट समजावणं सोपं आहे. वीज गेली की माग थांबतात, धागे तुटतात; ते पहिलं नुकसान. पण वीज परत येताना दाब जास्त असला की मोटार जळते. मेंदूचंही बरचसं तसंच होतं. पहिल्या आणि दुसऱ्या नुकसानीच्या मधले तास ही संधी. त्या काळात शरीराचं तापमान उतरवलं तर पेशींची भूक मंदावते, त्यांना मारणाऱ्या रासायनिक साखळ्या मंदावतात आणि दुसरी लाट सौम्य होते. म्हणून जन्मापासून सहा तासांच्या आत सुरुवात करायची, बाळाचं तापमान ३३.५ अंश सेल्सियसवर आणायचं, बाहत्तर तास तिथेच धरून ठेवायचं, आणि मग अगदी हळूहळू पुन्हा ऊब द्यायची.

कल्पना तशी जुनी. स्वीडनमध्ये १९५०च्या दशकात ब्यॉर्न वेस्टिन श्वास न घेणारी बाळं थंड पाण्यात बुडवून पाहत होते. पण १९५८ साली अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन यांनी दाखवलं, की कमी वजनाची बाळं पेटीत जरा जास्त उबेत ठेवली तर कमी दगावतात. त्यानंतर थंडीचं नाव कुणी काढेना. प्राण्यांवरच्या प्रयोगांनंतर ती पुन्हा आली. २००५ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, २००९ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेला 'टोबी' आला, आणि २०१३ साली ११ अभ्यासांतली १५०५ बाळं एकत्र मोजली गेली. निष्कर्ष स्पष्ट होता : सात बाळं थंड केली, तर त्यातलं एक मृत्यूपासून किंवा गंभीर अपंगत्वापासून वाचतं. नवजात वैद्यकात इतकं ठसठशीत यश क्वचित मिळतं. श्रीमंत देशांत हा उपचार नित्याचा झाला.

आपल्याकडेही तो आलाच. यंत्र महाग, म्हणून कुणी जेलच्या पिशव्या वापरल्या, कुणी बर्फाच्या. वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साहाय्याने एक देशी पाळणा तयार झाला. त्याच्या गादीत असं द्रव्य भरलेलं, की ते ठरावीक तापमानाला वितळतं आणि बाळाला तेवढंच थंड ठेवतं. युक्ती खरोखर सुंदर आहे. हा पाळणा आपल्याकडे नाही म्हणून माझ्या ओळखीचे कितीतरी डॉक्टर हळहळत. मीही त्यांतलीच.

जी गोष्ट लंडनमध्ये सिद्ध झाली ती भिवंडीत पुन्हा सिद्ध करण्याचं कारण काय, असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. थोड्यांना वाटत नव्हतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे सुधीन थय्यिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हेलिक्स' नावाची चाचणी उभी केली. चेन्नई आणि बंगळुरूची रुग्णालयं, मुंबईचं शीव, श्रीलंका आणि ढाका मिळून सात अतिदक्षता विभाग. १५ ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात ४०८ बाळं घेतली. कुणाला थंड करायचं आणि कुणाला नेहमीची देखभाल द्यायची, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. ते चिठ्ठीने ठरलं, म्हणजे संगणकाने काढलेल्या यदृच्छ क्रमाने. बर्फाच्या पिशव्यांनी भागवलं नाही. तापमान आपोआप राखणारं यंत्र वापरलं. पुढे काही निष्पन्न झालं नाही तर 'तुमचं साधनच कच्चं होतं' असं म्हणायला जागा राहू नये म्हणून.

चिठ्ठी हा शब्द वाचून पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे. माझ्या नाक्यावरच्या एखाद्या घरात हे घडताना डोळ्यांपुढे आणून पाहा. आई अजून टेबलावर, टाके पडतायत. बाप पाळी सोडून धावत आलेला, अंगावर सुताचा भुगा. सासू बाहेरच्या बाकावर. बाळ जन्मून तीन तास झालेत आणि हातात उरलेत तीन. या तीन तासांत एक डॉक्टर येऊन सांगतात, की एक उपचार आहे, तो इथे उपयोगी पडतो की नाही ते आम्हाला माहीत नाही, तुमच्या बाळाला तो मिळेल की नाही ते चिठ्ठी ठरवेल, सही करा. कोणता बाप शांतपणे विचार करू शकेल? संमती या शब्दाला अशा वेळी कितपत अर्थ उरतो यावर नीतिशास्त्राचे लोक फार लिहितात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र दुसऱ्याच एका गोष्टीने छळलं. ज्या बापाच्या वाट्याला 'थंड करायचं नाही' ही चिठ्ठी आली, त्याला त्या रात्री काय वाटलं असेल? आपल्या पोराच्या नशिबी उपचार नव्हता, हेच.

२०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये निकाल छापून आला. दीड ते पावणेदोन वर्षांच्या वयापर्यंत मृत्यू किंवा मध्यम-गंभीर अपंगत्व किती, हा मुख्य प्रश्न होता. थंड केलेल्या बाळांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७. म्हणजे फायदा नाही. नुसते मृत्यू मोजले तर थंड केलेल्यांत ४२ टक्के आणि न केलेल्यांत ३१. इतका फरक निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळातून पडावा, असं शंभरात दोनदा घडेल. त्या रात्री ज्याच्या पोराला उपचार मिळाला नाही, त्याच्या पोराची जगण्याची शक्यता अधिक होती.

हे वाचल्यावर मी आकडे पुन्हा पाहिले, मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. ज्या देखभालीला आपण 'काहीच नाही' समजत होतो, ती इथे सरस ठरली होती. आणि लक्षात घ्या, हे खेड्यातल्या कुठल्या अपुऱ्या दवाखान्यात झालेलं नाही. शीवचा नवजात विभाग हा देशातल्या जुन्या, नावाजलेल्या विभागांपैकी. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. बाळाला पावडरच्या दुधापासून दूर ठेवायचं, आईला विभागात आणायचं, उगाच सुया टोचायच्या नाहीत, असा त्यांचा खाक्या. कमी केल्याने जास्त वाचतात, हे त्या विभागाला हेलिक्सच्या पुष्कळ आधी माहीत होतं.

असं का झालं? खात्रीचं उत्तर नाही, पण विचार करण्याजोगी एक दिशा आहे. दोन लाटांचं गणित तेव्हाच जुळतं, जेव्हा पहिला आघात बाळंतपणातच, अचानक झालेला असतो. आपल्याकडच्या बऱ्याच बाळांचं तसं नसावं. आई अशक्त, वार नीट पोसलेली नाही, आत कुठे जंतुसंसर्ग, कळा तासन्‌तास रेंगाळलेल्या. मेंदूला उपासमार आधीच, हळूहळू सुरू झालेली. मग बाळ बाहेर येईपर्यंत दुसरी लाटही येऊन गेलेली असू शकते. आपण ज्या सहा तासांना संधी म्हणतो, ती संधी आईच्या पोटातच संपलेली. अशा बाळाला थंड करणं म्हणजे मोटार जळून गेल्यावर मेन स्विच बंद करणं. वर थंडीचे स्वतःचे त्रास आहेतच : रक्त गोठण्यात बिघाड, रक्तात आम्ल साचणं. बाळाच्या आधीच थकलेल्या शरीरावर तो जादा भार.

या निकालावर वादही पुष्कळ झाला. अनेक भारतीय नवजात-तज्ज्ञांना तो पटला नाही. बाळं फार आजारी होती, निवड नीट झाली नाही, आम्ही आमच्याकडे करतो तेव्हा गुण येतो, असं त्यांचं म्हणणं. यातलं शेवटचं वाक्य मला धास्तावतं. आम्ही करतो तेव्हा गुण येतो, या एका वाक्याने नवजात बाळांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या जंतूनेही केलं नसेल. १९४० आणि ५०च्या दशकांत कमी दिवसांच्या बाळांना पेटीत भरपूर प्राणवायू दिला जाई. रंग गुलाबी होई, सगळे खूश. त्यातून जगभरात अंदाजे दहा हजार बाळं आंधळी झाली. चिठ्ठ्या टाकून अभ्यास केल्यावर, १९५०च्या दशकाच्या मध्यावर ते उघड झालं. गायक स्टीव्ही वंडर त्या पिढीचा.

हेलिक्स हा एखादाच अपवाद असता, तर गोष्ट वेगळी होती. पण त्याच्या आधी सहा वर्षं असंच काहीसं घडलं होतं, आणि त्यात आपलं नागपूर आणि बेळगाव होतं.

दिवस भरण्याआधी प्रसूती होणार असं दिसलं, तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली हे दाखवलं आणि नंतर ते पुनःपुन्हा सिद्ध झालं. इंजेक्शन स्वस्त, कुठेही मिळणारं. मग ते खेडोपाडी का पोहोचू नये? म्हणून अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारतात बेळगाव व नागपूर परिसरात 'ॲक्ट' नावाची चाचणी झाली. ऑक्टोबर २०११ ते मार्च २०१४, १०२ भाग, सुमारे एक लाख जन्म. निम्म्या भागांत दाईपासून डॉक्टरपर्यंत सर्वांना शिकवलं : अशी आई ओळखा, इंजेक्शन द्या. लोकांनी मन लावून दिलं.

ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या सर्वांत कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूत फरक पडला नाही. आणि सर्व बाळं मिळून पाहिलं, तर जिथे शिकवलं तिथे दर हजारी साडेतीन मृत्यू जास्त झाले. आयांमध्ये जंतुसंसर्गाच्या संशयाचं प्रमाणही वाढलं. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. सोनोग्राफी नसेल, पाळीची तारीख आठवत नसेल, तर दिवस किती भरले ते कळणार कसं? इंजेक्शन मिळालेल्या अनेक बायका पुढे दिवस भरूनच बाळंत झाल्या. त्यांच्या बाळांना त्या औषधाची गरज नव्हती.

इथे थांबून स्टिरॉइड वाईट असा निष्कर्ष काढला असता, तर तीही चूकच झाली असती. जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी लावली. या वेळी भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातली २९ रुग्णालयं, खेडी नाहीत. सोनोग्राफीने दिवस पक्के केलेल्या, संसर्ग नसलेल्या २८५२ स्त्रिया. २०२० साली निकाल आला : औषध मिळालेल्या आयांची १९.६ टक्के बाळं दगावली, नुसतं पाणी टोचलेल्यांची २३.५ टक्के. तेच औषध. एकीकडे मारणारं, दुसरीकडे तारणारं. फरक पडला तो दिवस मोजता येण्याने आणि बाळंतपणानंतर बाळाला सांभाळण्याच्या सोयीने. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींची पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी झालेली असते, असा विचार मनात आला की मी आकडेमोड सोडून देते.

'गरिबांना कमी तंत्रज्ञान चालेल' असा यातून कुणी सूर लावू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने जे केलं ते कमी तंत्रज्ञानाचं खरं, पण कमी विचाराचं नव्हतं. ३९ गावांत त्यांनी आधी वर्षभर नुसतं पाहिलं : घरी जन्मलेल्या बाळांना होतं काय? १९९५-९६ मध्ये ७६३ बाळांची नोंद झाली. निम्म्याहून अधिक बाळांना कधी ना कधी वैद्यकीय मदतीची गरज पडली, ती मिळाली तीनपेक्षा कमी टक्क्यांना. ४० बाळं गेली. मग गावातल्याच बायकांना शिकवलं : श्वास मोजा, ऊब द्या, दूध पाजवा, जंतुदोष ओळखा, जेंटामायसिनचं इंजेक्शन द्या. कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन, यावर तेव्हा डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या होत्या. डिसेंबर १९९९च्या 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले : तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुदोष झालेल्यांत आधी १६.६ टक्के दगावत, नंतर २.८. २०११पासून देशभरच्या आशाताई घरी येऊन बाळ पाहतात, त्याचं मूळ इथे.

मग हीच रीत मुंबईत? नेमकी हीच नव्हे, पण तिच्या जवळपासची एक तपासली गेली. नेपाळच्या मकवानपूरमध्ये आणि नंतर झारखंड-ओडिशात बायकांचे गट बसवून, त्यांनीच आपले प्रश्न शोधायचे आणि उपाय करायचे, एवढ्यानेच नवजात मृत्यू बरेच कमी झाले होते. 'स्नेहा' या संस्थेने २००६ ते २००९ या काळात मुंबईच्या ४८ वस्त्यांत चाचणी केली. निम्म्यांत गट, निम्म्यांत नाहीत. नवजात मृत्यू कमी झाले नाहीत. निराश करणारा निकाल त्यांनी २०१२ साली जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्या मंडळींचा मनापासून आदर आहे. झारखंडमध्ये बाळंतपण घरी होई. नाळ कापण्याची रीत, हात धुणं, लगेच अंगावर पाजणं हे बायकांच्या हातात होतं आणि त्या ते बदलू शकल्या. मुंबईच्या वस्तीत बाळंतपण बहुतेक रुग्णालयात. तिथे काय होतं त्यावर वस्तीतल्या गटाचं काय चालणार?

धामणकर नाका यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. इथे रुग्णालय आहे, खाजगी प्रसूतिगृहं आहेत, आशाताई आहेत. पण सातव्या महिन्यात बाई बाळंतपणाला गावी जाते आणि तिची कागदपत्रं इथे राहतात, किंवा उलट. गंभीर बाळ कळव्याला किंवा शीवला पाठवायचं तर रस्त्यात तास-दीड तास सहज जातो, पावसात अधिक. आमच्यासारख्या ठिकाणची बाळं मोजून केलेला अभ्यास हवा, तो कुठल्या मोठ्या संस्थेने मनावर घेतल्याशिवाय होणार नाही.

तोवर ज्याचा आधार पक्का आहे ते करावं. २०२१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेली कांगारू पद्धतीची चाचणी मी सर्वांना सांगते. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि दिल्ली. एक किलो ते १.८ किलोपर्यंतची ३२११ बाळं. एरवी असं बाळ आधी यंत्रावर स्थिर करून मगच आईच्या छातीवर देतात. इथे अर्ध्या बाळांना जन्मल्याबरोबर दिलं. मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका उघड, की देखरेख समितीने चाचणी वेळेआधी थांबवायला सांगितली. हे ऐकून नाक्यावरची एक आजी म्हणाली, "अहो बाई, ते तर मांजरसुद्धा करतं." मग तिनेच सुनेला सांगितलं, की आता बाळाला दुपट्यात गुंडाळून बाजूला ठेवू नकोस.

गुदमरलेल्या बाळाचं मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे पहिलं मिनिट महत्त्वाचं : पुसणं, पाठ चोळणं, पिशवी-मास्कने श्वास. त्यानंतर थंड नाही आणि गरमही नाही. ताप चढलेल्या बाळांचा मेंदू अधिक दुखावतो, हे थंड करण्याच्या जुन्या अभ्यासांतही दिसलं होतं. म्हणून बाळ पुढे पाठवताना सोबतच्या चिठ्ठीवर मी चारच गोष्टी ठळक लिहिते : जन्माची वेळ, पिशवी-मास्क किती मिनिटं लागला, पहिला झटका कधी आला, आणि निघतानाचं तापमान. शेवटच्या ओळीत रुग्णवाहिकेतल्या माणसासाठी : ३६.५ ते ३७.५ मध्ये ठेवा, पंखा बंद, गरम पाण्याची बाटली नको.